घरी असणाऱ्या आईचे रोजचे कपडे: कापड, शिवण आणि निवड

पूर्ण वेळ घर आणि मुले सांभाळणाऱ्या आईच्या कपाटात बहुधा दोनच प्रकारचे कपडे सापडतात. वरच्या खणात घडी न मोडलेले, समारंभाचे कपडे असतात आणि खालच्या खणात ‘आता घरात वापरून टाकू’ म्हणून उतरवलेले विटके कुर्ते, गुडघ्यांवर फुगलेल्या लेगिंग आणि गाऊन असतात. ज्या कपड्यांत दिवसाचे बारा-चौदा तास जातात, त्यांचा मधला खण जवळजवळ रिकामाच असतो. घंटागाडी आली की गाऊनवर ओढणी ओढायची, शाळेची बस चुकली की घाईघाईने कुर्ता बदलायचा, कुरियर आले की दाराआडून हात पुढे करायचा, ही सारी तारांबळ त्या रिकाम्या खणामुळे होते. घर हे या आईचे कामाचे ठिकाण आहे, तेव्हा रोजचा पोशाख त्या कामासाठी मुद्दाम निवडला गेला पाहिजे. ओट्यापाशी वावरताना अडचण होऊ नये आणि त्याच कपड्यांत, फार तर एखादी गोष्ट वरून चढवून, शाळेच्या फाटकापर्यंत संकोच न वाटता जाता यावे, या दोन्ही अटी एकाच कपड्याने पुऱ्या करणे शक्य आहे.

खरेदीला निघण्यापूर्वी आपला दिवस नीट पाहावा. ज्या घरात तान्हे मूल आहे तेथे आईचा बराच वेळ जमिनीवर, मांडी घालून किंवा गुडघ्यांवर रांगत जातो. शाळेत जाणारी मुले असतील तर स्वयंपाकघर, जिना, रस्ता आणि भाजीवाला अशी फिरती असते. पहिल्या घरात सैल, मऊ आणि रोज धुता येईल असा कपडा लागतो, तर दुसऱ्या घरात चुरगळ कमी पडेल आणि दुपारपर्यंत नीटनेटका दिसेल असा. दुकानात आपल्याला काय शोभून दिसते हे आपण पाहतो, पण तो कपडा घालून आपण काय करणार आहोत, याचा विचार तेथे क्वचितच होतो.

कापडात पहिली पसंती सुतीला द्यावी. घाम शोषणे हे त्याचे एक कारण झाले. दुसरे आणि अधिक महत्त्वाचे कारण म्हणजे गॅसची शेगडी. नायलॉन आणि पॉलिएस्टर आचेजवळ वितळतात आणि त्वचेला चिकटतात, त्यामुळे भाजल्याची जखम अधिक खोल होऊ शकते. सुती कापडही पेट घेतेच, म्हणून झुलत्या बाह्या आणि मोकळी ओढणी ओट्यापाशी कोणत्याही कापडाची नसावी. सुतीमध्ये कॅम्ब्रिक आणि पॉपलिन रोजच्या कुर्त्यांना उत्तम, कारण ती अंगावर नीट बसतात आणि पारदर्शक नसतात. मलमल फार सुखाची खरी, पण तिला अस्तर लावावे लागते आणि अस्तर लावले की तिचा हलकेपणा निम्मा उरतो. रेयॉन दुकानात हाताला इतके मऊ लागते की मोह आवरत नाही; मात्र ते ओले असताना कमकुवत होते, त्यामुळे मशीनमध्ये रोज घुसळले जाणारे रेयॉनचे कुर्ते लवकर विरतात. घ्यायचेच असल्यास ते जाळीच्या पिशवीत घालून धुवावे. पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत शुद्ध सुती कपडा दोन-दोन दिवस दमट राहतो आणि त्याला कुबट वास येतो, म्हणून त्या चार महिन्यांसाठी सुती-पॉलिएस्टर मिश्रणाचे दोन-तीन कुर्ते वेगळे ठेवणे शहाणपणाचे आहे. ते घालून शेगडीशी काम करताना वरून जाड सुती एप्रन बांधावा.

तयार कुर्त्यापेक्षा कापड घेऊन शिवून घेणे शहरात बरेचदा महाग पडते. तरीही रोजच्या वापरातले निदान तीन-चार कुर्ते शिवून घ्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण खिसा, बाहीची लांबी आणि गळा या तिन्ही गोष्टी मनासारख्या तयार कपड्यात क्वचितच मिळतात. पुण्यात लक्ष्मी रस्ता, मुंबईत दादरचे हिंदमाता किंवा आपल्या तालुक्याच्या गावातले जुने कापड दुकान, कोठूनही घेतले तरी 44 इंच पन्ह्याचे (रुंदीचे) अडीच मीटर कापड मध्यम अंगाच्या, पाऊण बाहीच्या कुर्त्याला साधारण पुरते. सुती कापड पहिल्या धुण्यात 3 ते 5 टक्के आटू शकते, म्हणजे 44 इंच उंचीचा कुर्ता दोनेक इंचांनी आखूड होऊ शकतो. म्हणून कापड रात्रभर साध्या पाण्यात भिजवून, सावलीत वाळवून मगच शिंप्याकडे द्यावे. गडद निळ्या किंवा लाल छापील कापडाचे पाणी याच वेळी पाहून घ्यावे. मीठ घातल्याने सुटणारा रंग पक्का होईलच असे नाही, त्यामुळे पाणी स्वच्छ होईपर्यंत असे कापड वेगळे धुणे हाच खात्रीचा मार्ग आहे.

रंगांच्या बाबतीत ‘गडद रंगावर डाग दिसत नाहीत’ ही समजूत अर्धीच खरी आहे. काळा किंवा गडद निळा साधा कुर्ता घालून कणीक मळावी आणि मग आरशात पाहावे: नकळत हात पुसले गेलेल्या जागी, कमरेच्या दोन्ही बाजूंना, पिठाची पांढुरकी बोटे उमटलेली असतात. फिक्या राखाडी आणि आकाशी रंगावर भांडी घासतानाचा पाण्याचा प्रत्येक शिंतोडा आणि काखेतला घाम ठळक दिसतो. पांढऱ्यावर हळद आणि पिवळ्यावर तेल. दिवसभराच्या कामाला खरोखर टिकते ते दोन-तीन मध्यम छटा एकत्र असलेले बारीक, दाट छापकाम. अजरख, बगरू, दाबू, कलमकारी या पद्धतींच्या कापडांत असे नमुने भरपूर मिळतात, आणि गालिच्यासारखा भरगच्च नमुना असल्यामुळे डाळीचा एखादा थेंब त्यात मुरून जातो. अंगावर पिणारे बाळ असेल तर दूध पाझरून पडणारे ओले वर्तुळही छापील कापडावर लक्षात येत नाही. साध्या रंगाची हौस पायजम्यावर भागवावी.

कुर्त्याची उंची गुडघ्याच्या किंचित खाली ठेवावी. त्याहून लांब कुर्ता उकिडवे बसताना पायाखाली येतो आणि आखूड कुर्ता मूल उचलताना मागून वर चढतो. बाजूचा कट कमरेच्या हाडाच्या खाली सुरू व्हावा. बाही कोपराच्या थोडी वर संपणारी किंवा सहज वर सारून तेथेच राहील इतपत बेताच्या घेराची असावी. पाऊण बाही दिसायला छान, पण सैल असली की ती कणकेच्या परातीत आणि सिंकच्या पाण्यात आधी जाते. तयार कुर्ता घेताना ट्रायल रूममध्ये नुसते आरशासमोर उभे राहू नये. वरच्या फळीवरचा डबा काढतो तसा हात उंच करावा, म्हणजे मुंढा (काखेजवळचा बाहीचा जोड) घट्ट आहे का ते कळते. मूल उचलण्यासाठी वाकतो तसे वाकून गळा किती खाली येतो ते पाहावे. आणि जमिनीवर मांडी घालून बसावे. थोडे विचित्र वाटेल, पण या तीन हालचालींत जो कपडा आवळला, सुटला किंवा वर चढला, तो कितीही देखणा असला तरी रोजचा नाही.

खिशाबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. नऊवारी नेसणाऱ्या बायकांनी हा प्रश्न कधीच सोडवला होता: कासोट्यामुळे पाय मोकळे, ओच्यात भाजीपासून शेंगांपर्यंत काहीही घेता येई आणि पैसे कनवटीला. पुढे आपण कुर्ता-सलवारीवर आलो आणि ही सगळी सोय गेली. आज आईच्या एका हातात मूल आणि दुसऱ्या हातात फोन, किल्ली आणि दुधाची पिशवी असते. म्हणून शिंप्याला उजव्या बाजूच्या शिवणीत खिसा लावायला आवर्जून सांगावे. खिसा कट सुरू होण्याच्या वर संपला पाहिजे, तो फोन आडवा न होता मावेल इतका, म्हणजे सात इंच खोल असावा आणि त्याचे कापड कुर्त्याइतकेच मजबूत असावे. अस्तराच्या पातळ कापडाचा खिसा किल्ल्यांनी लवकर फाटतो. कट वर असेल तर खिसा पायजम्याला लावावा. कॉटन-लायक्राच्या सरळ पँट खिशासह तयार मिळतात आणि लेगिंगपेक्षा त्या रस्त्यावर अधिक व्यवस्थित दिसतात.

बाळंतपणानंतरच्या वर्षात नवे कपडे बेतानेच घ्यावेत, पण मुळीच न घेणे ही चूक आहे. ‘अंग उतरले की घेऊ’ म्हणून आई महिनोन् महिने जुन्या, काचणाऱ्या कपड्यांत दिवस काढते. या काळात पुढून बटणांचा कुर्ता, किंवा योकच्या (छातीवरच्या जोडपट्टीच्या) खाली दोन्ही बाजूंना उभ्या, झाकलेल्या चेन असलेला कुर्ता घ्यावा. शिवून घेताना दोन्ही बाजूंच्या शिवणीत इंच-इंच माया (आत दुमडलेले जादा कापड) ठेवायला सांगावी, म्हणजे पुढे अंग कमी-जास्त झाले तरी तोच कपडा बसता करता येतो. पायजम्याला नुसत्या नाडीऐवजी मागे इलॅस्टिक आणि पुढे सपाट पट्टी बरी. आणि बाकी काही करण्याआधी अंतर्वस्त्रांचे माप नव्याने घ्यावे. या काळात माप हमखास बदलते, आणि चुकीच्या मापाची किंवा इलॅस्टिक गेलेली ब्रा असली की उत्तम शिवलेला कुर्ताही गबाळा दिसतो.

किती कपडे असावेत, हे धुण्यावरून ठरते. रोज धुणे होत असेल तर सहा-सात कुर्ते आणि तीन-चार पायजमे किंवा पँट पुरतात. पायजम्यांचे रंग मोतिया, काळा आणि गडद निळा एवढेच ठेवले की सकाळी जुळवाजुळव करण्याची गरज उरत नाही, कारण कोणताही कुर्ता कशावरही जातो. यांना जोड म्हणून बिनबाह्यांचे एक जॅकेट शिवून घ्यावे. इकतचे चालेल, खणाचेही शोभते. खणाचे कापड मूळचे चोळीसाठी विणलेले असल्याने त्याचा पन्हा लहान असतो, तेव्हा किती लागेल ते शिंप्याला विचारूनच घ्यावे. हे जॅकेट कपाटात न ठेवता दाराजवळच्या खुंटीवर टांगावे. पालक सभेला, बँकेत किंवा अचानक आलेल्या पाहुण्यांसमोर जाताना कपडे न बदलता तेवढे चढवले की पुरते, आणि ओढणी सावरण्याचा त्रासही वाचतो.

गाऊनची टिंगल करण्यात मला रस नाही. उकाड्यात त्याच्याइतके सुखाचे वस्त्र नाही. फक्त झोपण्याचा आणि दिवसाचा गाऊन वेगळा असावा. दिवसासाठी गळ्याला पट्टी किंवा छोटी कॉलर असलेला, पोटरीपर्यंतच्या उंचीचा, खिसे असलेला आणि जरा जाड सुतीचा ए-लाइन झगा शिवून घेतला, तर तो गाऊनइतकाच मोकळा राहतो आणि त्यावर ओढणी घेण्याची वेळ येत नाही. साडीच रोज नेसणाऱ्यांनी ती घोट्याच्या जरा वर नेसावी, पदर कमरेला खोचावा आणि परकराला खिसा लावून घ्यावा.

दागिन्यांत तान्ह्या मुलाचा विचार आधी करावा. लोंबते कानातले आणि लांब मंगळसूत्र ही बाळाच्या मुठीत सापडणारी पहिली वस्तू. कुड्या किंवा छोटे टॉप्स आणि आखूड मंगळसूत्र रोजच्यासाठी बरे. बाळ खांद्यावर असताना ओढणीला किंवा पदराला सेफ्टी पिन लावण्यापेक्षा टिचबटण शिवून घ्यावे. पायांत कोल्हापुरी चप्पल सुती कुर्त्यावर खुलून दिसते, पण चामडे पाणी शोषते, म्हणून जून लागला की ती कोरडी करून ठेवून द्यावी आणि मागे पट्टा असलेली रबरी सँडल वापरावी. मूल कडेवर असताना मागून मोकळी चप्पल ओल्या जिन्यावर धोक्याचीच.

डागांविषयी दोन गोष्टी माहीत असल्या की कपड्यांचे आयुष्य वाढते. हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो, तेव्हा घाबरून जोरात घासू नये. हळदीतला रंग साबणातल्या अल्कलीच्या (क्षाराच्या) संपर्कात लाल दिसतो, साबण धुऊन गेला की पुन्हा पिवळा होतो आणि कपडा उन्हात वाळवला की फिका पडत जातो. दुधाचे आणि बाळाच्या ओकारीचे डाग आधी थंड पाण्यात भिजवावेत, कारण गरम पाण्याने त्यातली प्रथिने कापडात घट्ट बसतात. छापील कपडे एरवी उलटे करून सावलीत वाळत घालावेत.

ज्या कुर्त्याचा गळा सैल पडला, कापडावर गोळे आले किंवा काखेतली शिवण दुसऱ्यांदा उसवली, तो ‘घरात चालेल’ म्हणून पुन्हा खालच्या खणात टाकू नये. सुती असेल तर त्याचे ओटा पुसण्याचे तुकडे करावेत, आणि त्याच महिन्याच्या खर्चात मुलांच्या गणवेशाशेजारी एका कुर्त्याची रक्कम लिहून ठेवावी.