कावळा शिवेपर्यंत: मृत्यू आणि निरोपावरचा रोल-प्ले कसा रचावा

दहाव्याला घाटावर पिंड मांडलेला असतो. कावळा झाडावर बसून बघतो, पण खाली येत नाही. मग घरातलं कुणीतरी पुढे होतं, हात जोडतं: "धाकटीचं शिक्षण आम्ही पुरं करू, काळजी करू नका." तरी नाही. मग दुसरं कुणी वेगळं वचन देतं. गर्दीतल्या प्रत्येकाच्या मनात एकच प्रश्न असतो, गेलेल्याचं नेमकं काय राहिलं होतं? मृत्यूवरचा रोल-प्ले रचायला बसलो तेव्हा परदेशी नमुने बरेच चाळले. या प्रसंगाइतका तयार आराखडा कुठे सापडला नाही.

खालची मांडणी आठ ते बारा जणांसाठी आहे. एक संध्याकाळ, साधारण चार तास. प्रेक्षक नाहीत, पाठ केलेले संवाद नाहीत. प्रत्येकाला एक पात्र मिळतं आणि तो ते जगतो.

आधी निमंत्रण नीट लिहा

धक्का देण्याचा मोह टाळा. निमंत्रणातच सांगा: नाना नावाचे गृहस्थ पहिल्या अंकानंतर जाणार आहेत, उरलेला वेळ त्यांच्या माणसांचा आहे. नॉर्वेत २०११ साली 'जस्ट अ लिटल लविन' हा लार्प, म्हणजे प्रेक्षकांशिवाय पात्रं जगत खेळायचा रोल-प्ले, पहिल्यांदा खेळला गेला. त्याचा विषय १९८० च्या दशकातल्या न्यूयॉर्कमधली एड्सची साथ. अंकांच्या मध्ये कोण मरणार ते चिठ्ठ्यांनी ठरायचं, आणि ते तसं ठरणार हे सगळ्यांना आधीपासून ठाऊक असायचं. त्यामुळे खेळाची धार बोथट झाली नाही. मरण येणार हे माहीत असलं की माणसं समोरच्याकडे जास्त निरखून बघतात.

नुकतंच कुणी गमावलेल्यांना परस्पर गाळू नका, फोन करून बोला. खेळात काय काय होणार ते सांगा आणि निर्णय त्यांच्यावर सोडा. हा उपचार नाही, हेही सांगा. जेकब मोरेनो या मानसोपचारतज्ज्ञाने सायकोड्रामा, म्हणजे आपलेच प्रसंग अभिनयातून मांडण्याची पद्धत, उभा केला तो उपचार म्हणून, आणि तो प्रशिक्षित माणसानेच घ्यायचा असतो. आपण तसे नाही.

पात्रं: रहस्य नको, बाकी हवी

नवे लेखक इथे हमखास घसरतात. लपवलेलं मृत्युपत्र, दुसरं लग्न, विषप्रयोग असं काहीबाही घालतात आणि खेळाची टीव्ही मालिका होते. प्रत्येक पात्राला तीनच ओळी द्या: नानांशी नातं, नानांचं मी काय देणं लागतो, नाना माझं काय देणं लागत होते. देणी छोटी ठेवा. थोरला मुलगा हॉस्पिटलात रात्री थांबतो म्हणाला आणि जेवायला म्हणून घरी गेला तो गेलाच. सुनेच्या स्वयंपाकाला नानांनी बारा वर्षांत एकदाही बरं म्हटलं नाही. शेजारच्या मित्राकडे त्यांचा ट्रान्झिस्टर दुरुस्तीच्या नावाखाली चार वर्षं पडून आहे. ट्रान्झिस्टर म्हणजे सोनं आहे. मोठ्या अपराधाची माफी मागताना माणूस अभिनय करतो, ट्रान्झिस्टरबद्दल बोलताना खरा रडतो.

खेळायच्या आधी सव्वा तास

हा वेळ कापू नका. नाती जुळवा: दोघादोघांनी बसून नानांची एकेक आठवण तयार करायची. मग दोन शब्द शिकवा. 'हळू' म्हणजे खेळ चालू द्या, पण माझ्यावरचा जोर कमी करा. 'थांबा' म्हणजे सगळं तिथल्या तिथे बंद. नॉर्वे-स्वीडनकडची लार्प खेळणारी मंडळी असेच दोन शब्द वापरतात. हे शब्द मोठ्याने उच्चारायचा सराव करून घ्या, नाहीतर आपल्याकडची माणसं भिडेखातर शेवटपर्यंत सोसत बसतात. दार उघडं असेल, कारण न सांगता बाहेर जाता येईल आणि बाहेर एक जण पाणी घेऊन बसलेला असेल, हेही दाखवून द्या.

खरा विधी करू नका. मंत्र नकोत, भाताचा खरा पिंड नको. रिकामी पत्रावळ पुरते. आणि नाना झालेल्या माणसाच्या फोटोला हार तर मुळीच घालू नका. खेळ म्हणूनसुद्धा जिवंत माणसाच्या फोटोला हार बघवत नाही, त्याच्या घरच्यांना कळलं तर वेगळंच रामायण. नानांचा चष्मा ठेवा. ज्यांच्याकडे दहावा नसतो अशांचा गट असेल तर घाटाऐवजी गेलेल्याचं कपाट रिकामं करण्याचा प्रसंग घ्या. कपडे कोण नेणार, एवढ्यावर तासभर खेळ होतो.

तीन अंक

पहिला अंक, २५ मिनिटं: रविवारची संध्याकाळ, नाना घरात आहेत. आजारपण, नाटकी खोकला काही नको. चहा, पेपर, किरकोळ कुरबुर. मग संयोजक नानांच्या खांद्यावर हात ठेवतो आणि ते उठून बाहेर जातात. निरोप घ्यायचा नाही.

दुसरा, ३० मिनिटं: दहाव्याची आदली रात्र. पानात काय वाढायचं, हॉस्पिटलचं बिल कुणी भरलं. इथे माणसं भांडतात. भांडू द्या.

तिसरा घाटाचा, साधारण ३५ मिनिटांचा. नाना झालेलाच आता कावळा असतो. काव काव नाही, पंख फडफडवणं नाही. तो कोपऱ्यात स्टुलावर गप्प बसतो. सुरुवातीलाच त्याने एका चिठ्ठीवर नानांचं काय राहिलं ते लिहून संयोजकाला दाखवलेलं असतं. बाकीचे एकेक करून पत्रावळीसमोर येतात. वचन द्यायचं ते आपल्याला खरोखर करावं लागेल असं आणि केव्हा करणार ते सांगून. हा नियम नसताना आमच्या पहिल्या खेळात सगळ्यांनी भराभर जग सुधारायची वचनं दिली होती. हवं ते ऐकू आलं तर कावळा उठून पत्रावळीला बोट लावतो.

नाही आलं तर बसून राहतो. वेळ संपली की संयोजक कागदाचा कावळा पत्रावळीला टेकवतो, घाटावर दर्भाचा टेकवतात तसा. कावळ्याला दया येऊन उठायची घाई होते, ती आधीच समजावून थोपवा. दर्भाच्या कावळ्यावर उठलेला खेळ फसलेला नसतो. कितीतरी घरं तशीच घाटावरून परततात.

उतरवणं

याला पाऊण तास ठेवा. आम्ही एकदा पंधरा मिनिटांत आटोपलं आणि एक जण तासभर स्कूटरवर तसाच बसून राहिलेला सापडला. पात्राचं दुःख खेळणाऱ्यात झिरपतं, कधी आपलं जुनं दुःख पात्रात. गोलात उभं राहून प्रत्येकाने अंगावरची पात्राची वस्तू काढून ठेवावी आणि आपलं खरं नाव सांगावं. मग चहा आणि काहीतरी तिखटमीठ. आधी जोड्यांनी बोलणं, मग सगळ्यांनी मिळून. गप्प बसायचीही मुभा. "छान केलंस" असं कौतुक त्या दिवशी नको. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाला फोन करा. कुणी फारच अस्वस्थ वाटलं तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक द्या, तो चोवीस तास चालू असतो.

नानांची चिठ्ठी मात्र कुणालाही दाखवू नका. कावळा शिवला नसेल तर लोक हटकून मागतात, दोन दिवसांनी मेसेज करूनही विचारतात. ती नाना झालेल्याने घरी न्यावी, फाडावी, पाकिटात ठेवावी, काय वाटेल ते करावं.