गोंधळ होण्याआधीच आठवण : वर्गातील अपेक्षा आगाऊ कशा सांगाव्यात

वर्गातील गोंधळ बहुधा अचानक उद्भवत नाही. मधल्या सुट्टीनंतरची पहिली काही मिनिटे, शालेय पोषण आहाराची रांग, गटकार्यासाठी बाके हलवण्याची वेळ, अशा ठरावीक वेळी आणि ठरावीक जागी तो होतो. म्हणूनच तो टाळताही येतो. चूक झाल्यावर रागावण्यापेक्षा ती होण्याची शक्यता असलेल्या क्षणाआधीच योग्य वर्तनाची आठवण द्यावी, अशी पद्धत अमेरिकेतील जेफ कॉल्विन, जॉर्ज सुगाई आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९९३ मध्ये एका लेखात मांडली होती.

सुरुवातीला आठवडाभर नोंद ठेवावी. तीत मुलांची नावे नव्हे, तर प्रसंग लिहावेत. नावे लिहिली की लक्ष दोन-चार मुलांवर खिळते आणि हात धुवायला एकच नळ आहे, हे खरे कारण निसटून जाते. नोंदलेल्या प्रसंगांतून एकच निवडावा.

मग अपेक्षा नेमक्या शब्दांत मांडाव्यात. ‘शिस्तीत राहा’ म्हटल्याने मुलाला नेमके काय करायचे ते कळत नाही, आणि ‘ढकलाढकली करू नका’ यातून फक्त काय करायचे नाही एवढेच कळते. पोषण आहाराच्या रांगेसाठी ‘ताट दोन्ही हातांनी धरायचे, पुढच्यापासून हातभर अंतर ठेवायचे, वाढून झाले की भिंतीकडेने जाऊन बसायचे’ एवढे पुरे. तीनपेक्षा जास्त सूचना लहान मुलांच्या लक्षात राहत नाहीत. रिकामी ताटे घेऊन एकदा सराव करून घ्यावा, कारण जे शिकवलेच नाही त्याची आठवण कशी देणार?

सर्वांत महत्त्वाची आहे ती वेळ. सकाळी परिपाठात सांगितलेले दुपारपर्यंत विरून जाते. म्हणून मुले बाकांवर बसलेली असतानाच, दाराकडे जाण्यापूर्वी आठवण द्यावी. शक्यतो सांगण्याऐवजी विचारावे : “ताट कसे धरायचे, कोण दाखवेल?” एखाद्या चंचल मुलाला त्याच्या बाकाजवळ जाऊन हळू आवाजात विचारावे. “काल तू वरण सांडलेस, आज तरी नीट चाल” असे सर्वांसमोर म्हणणे ही आठवण नव्हे, तो टोमणा झाला.

त्यानंतर शिक्षकाने स्वतः रांगेजवळ उभे राहावे (स्टाफरूममधून हे साधत नाही) आणि जे जमले त्याची नेमकी दखल घ्यावी : “तुम्ही अंतर ठेवले, म्हणून कोणाचेही ताट कलंडले नाही.” तरीही चूक झालीच, तर तेच वाक्य शांतपणे पुन्हा सांगून ती कृती परत करून घ्यावी. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार बंदीच आहे.

वर्गाला सवय लागली की आठवण आखडती घ्यावी. पुढे नुसते ताट उचलून दाखवले तरी भागते. दिवाळीच्या सुट्टीनंतर मात्र पहिल्याच दिवशी सरावासह पूर्ण आठवण पुन्हा द्यावी.