नागपूरच्या उन्हात गच्चीवरची झाडं जगवायची तर

एप्रिल अर्धा झाला की आमच्याकडे नागपूरला सकाळी 11 नंतर गच्चीवर अनवाणी पाय ठेवता येत नाही, आणि आपल्या कुंड्या त्याच स्लॅबवर दिवसभर असतात. पहिल्या उन्हाळ्यात मी दिवसातून 3-3 वेळा पाणी घातलं तरी 4 गुलाब आणि एक जुनी जास्वंद गेली, कुंडी उलटी करून बघितली तर माती ओली आणि मुळं काळी. म्हणजे झाडं तहानेने मेलीच नव्हती, मुळं उकडली होती. तेव्हापासून एकच गोष्ट धरून ठेवलीय, उन्हाळ्यात कुंडी गार ठेवायची, पाणी त्यानंतर.

सगळ्यात आधी कुंड्या स्लॅबवरून उचला. विटा, जुनी लाकडी पाटी, लोखंडी स्टँड, काहीही चालतं, खालून हवा खेळली पाहिजे. मग सगळ्या कुंड्या एकमेकींना चिकटवून ठेवा, मोठ्या बाहेरच्या बाजूला आणि लहान मधे, म्हणजे एकीची सावली दुसरीवर पडते. काळ्या प्लास्टिकच्या कुंड्या सगळ्यात जास्त तापतात, त्यांना बाहेरून जुनं गोणपाट गुंडाळा आणि पाणी घालताना तेही भिजवा. मातीच्या कुंडीत पाणी लवकर संपतं खरं पण ती माठासारखी गार राहते, म्हणून मला तीच आवडते.

हिरवी नेट 50 टक्क्यांची, म्हणजे निम्मं ऊन अडवणारी घ्या, त्याहून दाट घेतली तर फुलं येत नाहीत. डोक्यावर निदान 6-7 फूट उंच बांधा, आणि पश्चिमेची बाजू मोकळी सोडू नका कारण दुपारी 3 ते 5 चं तिरपं ऊनच झाडं जाळतं. दोरी चांगली मजबूत घ्या हो, मे मधल्या वादळात आमची नेट दोनदा शेजारच्या गच्चीवर गेलीय.

मातीवर 2 इंच तरी आच्छादन हवंच. गव्हाचं कुटार म्हणजे भुसा, वाळलेला पाला, नारळाच्या शेंड्या, जे मिळेल ते, फक्त खोडाला चिकटवू नका, थोडी जागा सोडा. एवढं केलं की पाणी जवळपास अर्ध्यावर येतं, माझा तरी हाच अनुभव आहे.

आता पाणी. सकाळी 7 च्या आत, आणि गरज असेल तर सूर्य बुडाल्यावर परत. पाईप लावताना आधी त्यातलं उकळलेलं पाणी बादलीत जाऊ द्या, ते थेट झाडाला घालू नका. बोट 2 इंच मातीत घालून बघा, ओलं लागलं तर पाणी नको. दुपारी पानं मलूल दिसली की आपला जीव कासावीस होतो, पण संध्याकाळी ती आपोआप उभी राहिली तर झाड ठीक आहे. सकाळीही मलूल असेल आणि माती कोरडी लागली तर मात्र खरंच तहान लागलीय. कधी कधी माती इतकी वाळते की वरून घातलेलं पाणी कडेकडेने खाली निघून जातं आणि आत सगळं कोरडंच, विशेषतः कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) असेल तर. अशी कुंडी बादलीत बुडवून ठेवा, बुडबुडे थांबले की काढा.

कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी कृपा करून झाडांना घालू नका. पाणी उडत जातं, क्षार मागे राहतात, 8 दिवसांनी ते खारटच झालेलं असतं. एसीचं पाणी मात्र चालतं, आणि तांदूळ-डाळ धुतलेलं तर झाडांना छानच.

खत बंद ठेवा. युरिया, डीएपी तर अजिबात नको, पानांच्या कडा जळतात. फार वाटलं तर पातळ जीवामृत (शेण, गोमूत्र, गूळ आंबवून केलेलं), तेही संध्याकाळी. छाटणीही नको, आहे ती पानं खोडाला सावली देतात. पानाखाली बारीक जाळी आणि वर पिवळे ठिपके दिसले तर तो लाल कोळी, पानाचा रस शोषणारी बारीक कीड, पानाच्या खालून पाण्याचा जोरात फवारा मारा, रोज, 4-5 दिवस. नीमतेल मारायचं तर 1 लिटरला 5 मिली आणि साबणाचे 2-4 थेंब, पण ऊन गेल्यावरच.

मोगऱ्याला नेटखाली कोंडू नका, त्याला ऊन पाहिजे आणि भरपूर पाणीही, तो याच दिवसात फुलतो. सदाफुली, बोगनवेल, अडेनियम, पोर्तुलाका यांचीही काळजी नाही. टोमॅटोची फुलं या उन्हात गळतातच, त्यापेक्षा गवार, भेंडी, चवळी लावा.

25 मे ला नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे 9 दिवस, लागला की तेवढे दिवस नवीन रोप आणायचं नाही, कुंडी बदलायची नाही. आणि पहिला पाऊस पडला म्हणून लगेच नेट काढू नका, आमच्याकडे त्यानंतर परत 42-43 जातं. सलग 3-4 दिवस ढगाळ मिळाले की मग संध्याकाळी काढा.