सँ-सीर-लापोपी: फ्रान्सच्या खेड्यात फिरताना या चुका टाळा

नैऋत्य फ्रान्समध्ये लॉत नदीच्या पात्रापासून शंभरेक मीटर उंचावर, कड्याला बिलगून सँ-सीर-लापोपी हे गाव आहे. कायमची वस्ती दोनशेच्या आसपास. २०१२ मध्ये टीव्हीच्या प्रेक्षकांनी फ्रान्समधलं सर्वांत आवडतं गाव म्हणून त्याची निवड केली आणि तेव्हापासून उन्हाळ्यात इथे रीघ लागते. बहुतेक जण तुलूझहून सकाळी निघतात, अकराला पोचतात, चढ-उताराच्या गल्ल्यांत दोन तास घालवतात आणि तीनला परत निघतात. पहिली आणि सगळ्यांत मोठी चूक हीच. गल्ल्या सर्वांत गजबजलेल्या असतात त्या अकरा ते पाच. शिवाय इथलं खरं वैभव गावाच्या भोवती आहे: नदी, गुहा आणि वरचं चुनखडीचं पठार. किमान दोन, जमल्यास तीन रात्री मुक्काम ठेवा आणि गाव सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी सहानंतर बघा. त्या वेळी आंद्रे ब्रतोंच्या घरासमोरही गर्दी नसते. अतिवास्तववादाच्या या प्रवर्तकाने १९५१ मध्ये इथलं एक जुनं घर विकत घेतलं होतं.

पोचण्यातल्या चुका

काओर हे जवळचं रेल्वे स्टेशन, गावापासून साधारण २५ किलोमीटरवर. इथे टीजीव्ही ही अतिवेगवान गाडी येत नाही. पॅरिसहून येणारी एंतरसिते ही लांब पल्ल्याची गाडी ऑस्टरलिट्झ स्टेशनवरून सुटते, मोंपार्नासवरून नव्हे, आणि पाच-साडेपाच तास घेते. आरक्षण सक्तीचं आहे. काओरहून फिजाककडे जाणारी बस गावात चढत नाही, ती खाली नदीपलीकडच्या तूर-द-फोर गावाला सोडते. तिथून पूल ओलांडून दोनेक किलोमीटर चढ आहे. चाकांची बॅग घेऊन तो चढ चढणं फार कष्टाचं, म्हणून पाठपिशवी आणा. बसच्या फेऱ्या मोजक्या असतात आणि रविवारी त्याहून कमी. परतीची बस कोणती हे उतरतानाच बघून ठेवा. चुकली तर काओरहून टॅक्सी बोलवावी लागते; ती रस्त्यात हात करून मिळत नाही.

गाडी भाड्याने घ्यायची असेल तर आंतरराष्ट्रीय परवाना भारतातूनच, आरटीओकडून काढून आणावा लागतो. तिथे गेल्यावर आठवण होऊन उपयोग नाही. आणखी तीन गोष्टी:

गावाच्या नावाची पाटी हीच वेगमर्यादेची पाटी असते. लाल काठाची पांढरी पाटी लागली की ५०, मग आकडा लिहिलेला असो वा नसो. त्याच नावावर तिरकी लाल रेघ दिसली की गाव संपलं. बाहेरच्या साध्या रस्त्यांवर सहसा ८० असते.

जिथे कुठलीच खूण नाही, तिथे उजवीकडून येणाऱ्याला वाट द्यायची. उजव्या गल्लीतून एखादी लहान गाडी न थांबता बाहेर आली तरी चूक तुमचीच धरली जाते. पांढऱ्या काठाची पिवळी, कोनावर उभी चौकोनी पाटी असेल तर मात्र तुमचा रस्ता मुख्य.

पंपावर ‘गाझोल’ लिहिलेलं असतं ते डिझेल. नाव ऐकून पेट्रोल वाटतं आणि इथेच घात होतो. झाकणाच्या आतला स्टिकर पंपाच्या नळीवरच्या खुणेशी जुळवा: पेट्रोलला गोल (ई५, ई१०), डिझेलला चौकोन (बी७). चुकीचं भरलंच, तर चावी अजिबात फिरवू नका. इंजिन सुरू झालं नाही तर फक्त टाकी रिकामी करून भागतं. सुरू झालं तर इंधन सगळ्या यंत्रणेत पसरतं. भाड्याच्या कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन करा. ग्रामीण पंपांवर बऱ्याचदा माणूस नसतो आणि यंत्र आधी मोठी रक्कम रोखून धरतं. त्यामुळे शिल्लक कमी असलेलं फॉरेक्स कार्ड नाकारलं जातं. काओरमध्येच टाकी भरून घ्या.

गुहेचं आरक्षण पुढे ढकलणं

काब्रेरे गावाजवळची, आदिमानवाच्या चित्रांची पेश-मेर्ल गुहा हे इथे येण्याचं एकट्याने पुरेसं कारण आहे. लास्को ही तशीच प्रसिद्ध चित्रगुहा इथून शंभरेक किलोमीटरवर आहे, पण मूळ लास्को १९६३ पासून लोकांसाठी बंद आहे. तिथे दिसते ती प्रतिकृती. पेश-मेर्लमध्ये मूळ चित्रं समोर असतात. १९२२ मध्ये काब्रेरेतल्या किशोरवयीन मुलांना ही गुहा सापडली. ठिपक्यांच्या दोन घोड्यांचं चित्र सुमारे २९ हजार वर्षांपूर्वीचं. उजव्या घोड्याचं डोकं जवळून बघा: खडकाचा काठच मुळात घोड्याच्या डोक्यासारखा आहे, चित्रकाराने त्याचाच आधार घेतलाय. ठिपके घोड्यांच्या बाह्यरेषेबाहेरही पसरलेत आणि भोवती हाताचे ठसे आहेत, तळवा भिंतीवर ठेवून भोवती रंग उडवलेले. ठिपके कल्पनेतले असावेत असा समज होता. २०११ मध्ये प्राचीन घोड्यांच्या डीएनएच्या अभ्यासातून असे ठिपकेदार घोडे खरोखर होते हे दिसलं.

चित्रं जपायची म्हणून रोजच्या प्रेक्षकसंख्येवर मर्यादा आहे. जुलै-ऑगस्टमध्ये त्याच दिवशी जाऊन तिकीट मिळेल या भरवशावर राहू नका, काही दिवस आधीच आरक्षण करा. भर हिवाळ्यात गुहा बंद असते. आत वर्षभर १२ अंशांच्या आसपास तापमान, म्हणून बाहेर ३५ असलं तरी एक स्वेटर हवाच. फोटो काढता येत नाहीत, मोठी पाठपिशवी नेता येत नाही. गावातून गाडीने अर्धा तास धरा आणि वेळेआधी पोचा. गट आत गेला की मागून सोडत नाहीत.

चालण्यातल्या चुका

सह्याद्रीत फिरणाऱ्यांना ही उंची किरकोळ वाटते, आणि त्यातूनच पाण्याची चूक होते. आपल्या गडावर टाकं असतं, झरा असतो. इथल्या पठाराला ‘कॉस’ म्हणतात. सगळी चुनखडी, पडलेलं पाणी भेगांतून सरळ खाली जातं आणि कड्याच्या पायथ्याशी निघतं. वर ओढा नाही, विहीर सहसा नाही, सावली म्हणजे बुटके ओक. अर्ध्या दिवसाला माणशी दोन लिटर पाणी खालूनच भरून न्या. ‘नों पोताब्ल’ (पिण्यायोग्य नाही) लिहिलेल्या नळाचं पाणी पिऊ नका. उन्हाळ्यात सकाळी लवकर निघा आणि दुपारी बाराच्या आत खाली या.

खुणा वाचायला पाच मिनिटं लागतात, पण न वाचल्याने लोक भलत्याच दरीत उतरतात. वर पांढरा आणि खाली लाल पट्टा म्हणजे लांब पल्ल्याची वाट. ती फिरून परत येत नाही. गावातून जाणारी जीआर ३६ तशीच आहे. एकच पिवळा पट्टा म्हणजे स्थानिक फेरी, बहुधा सुरुवातीच्याच जागी आणून सोडणारी. फुली म्हणजे इकडे नाही. दहा-पंधरा मिनिटं खूण दिसली नाही तर पुढे अंदाज बांधत जाऊ नका, शेवटच्या खुणेपाशी परत या. दरीत मोबाइलला रेंज जाते, तेव्हा आयजीएनचा (फ्रान्सच्या सरकारी नकाशा संस्थेचा) नकाशा आधीच उतरवून ठेवा.

सर्वांत सोपी आणि सुंदर वाट नदीकाठची. गावातून खाली उतरून बूझिएस गावापर्यंत पाचेक किलोमीटर, सव्वा ते दीड तास. शेवटच्या टप्प्यात नदीला खेटून कडा उभा आहे आणि पूर्वी काठावरून दोरीने होड्या ओढणाऱ्यांना चालायला जागाच नव्हती, म्हणून १९व्या शतकात कड्याच्या पोटातच रस्ता खोदला. डोक्यावर खडक झुकलेला, एका बाजूला पाणी. दानिएल मोनिए या शिल्पकाराने पुढे त्याच भिंतीत मासे आणि शंख-शिंपले कोरले आहेत. दोन चुका इथे होतात. एक, तितकंच परत यायचंय आणि शेवटी गावाचा चढ आहे हे विसरणं. दुसरी, पुरानंतर किंवा दरड पडल्यावर वाट बंद असताना अडथळा ओलांडून पुढे जाणं. सुटे दगड वरून पडतात. पाटी असेल तर मागे फिरा.

सप्टेंबर ते फेब्रुवारी शिकारीचा हंगाम. ‘शास आं कूर’ अशी पाटी दिसली तर समजा की पुढे शिकार चालू आहे: भडक रंगाचं जाकीट घाला, वाट सोडू नका. वसंतापासून गवतात गोचिडी असतात, त्यांच्यामुळे लाइम आजार होऊ शकतो. संध्याकाळी गुडघ्यामागे, काखेत, कमरेला तपासा. चिकटलेली गोचीड तेल किंवा जळत्या काडीने काढू नका. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या छोट्या आकड्याने फिरवून काढा. तिथे लाल वर्तुळ पसरत गेलं तर डॉक्टरांकडे जा. आणीबाणीला ११२.

कनू चालवायची असेल तर

लॉत संथ आहे, तिला मिळणारी सेले नदी उथळ. ऑगस्टअखेर सेलेत पाणी इतकं उतरतं की होडी ओढत न्यावी लागते. पोहता येणं आवश्यक आहे: २५ मीटर पोहण्याची आणि पाण्याखाली जाण्याची तयारी नियमातच आहे. पोहता येत नसेल तर लाइफ जाकिटावर भागेल असं धरू नका, काठाची वाट घ्या. पायात बंद बूट हवेत, चपला किंवा स्लीपर चालत नाहीत. आडव्या बंधाऱ्यांवरून होडी नेण्याआधी थांबून खुणा बघा. उलटलात तर होडी धरून ठेवा आणि पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे ठेवा.

जेवण आणि मुक्काम

स्वयंपाकघर दुपारी बारा ते दीड-दोन, संध्याकाळी साडेसातपासून नऊपर्यंत. मधल्या वेळेत गरम जेवण मिळत नाही. जूनअखेर सूर्य पावणेदहाच्या सुमारास मावळतो, आणि सूर्यास्त बघून मग जेवू असं ठरवणारे उपाशी राहतात. तारे बघायचे तर साडेअकरानंतर. हा भाग फ्रान्समधल्या सर्वांत काळोख्या आकाशांपैकी एक आहे.

शाकाहारींनी ‘व्हेजिटेरियन’ एवढंच सांगून थांबू नये. हा बदकाचा मुलूख. बटाटे बदकाच्या चरबीत परततात आणि गरम चीजच्या सॅलडवर डुकराच्या मांसाचे तुकडे येतात. ‘सां व्यांद, सां प्वासों, सां लार्दों’ (मांस, मासे, डुकराच्या मांसाचे तुकडे नकोत) असं स्पष्ट सांगा. रोकामादूर हे इथलं शेळीच्या दुधाचं चीज रेनेटने, म्हणजे प्राण्याच्या जठरातून काढलेल्या द्रव्याने विरजतात. अक्रोड, खरबूज आणि केर्सीचं (याच भागाचं जुनं नाव) केशर मात्र निर्धास्त घ्या. काओरचा बाजार बुधवारी आणि शनिवारी सकाळी भरतो, दुपारपर्यंत उठतो. रविवारी दुपारनंतर आणि सोमवारी बरीच दुकानं बंद असतात, तेव्हा दोन वेळचा शिधा आधीच आणून ठेवा. दुकानात शिरताना आधी ‘बोंझूर’, मग प्रश्न. हा क्रम चुकला तर समोरच्याला तो उद्धटपणा वाटतो.

‘शांब्र दोत’ म्हणजे यजमानाच्या घरातली भाड्याची खोली. तिथे नाश्ता धरलेला असतो, पण यजमान घरातच राहतात, म्हणून पोचण्याची वेळ कळवा. ‘जीत’ म्हणजे स्वयंपाकघरासह घर. तिथे चादरी आणि टॉवेल बऱ्याचदा वेगळे मागवावे लागतात. आरक्षण करतानाच विचारून घ्या.