सर्दी-खोकल्याचं मिश्र औषध देताना: बाटली फिरवा, मागचं लेबल वाचा

बाटलीवरच्या मोठ्या नावावरून आत काय आहे ते कळत नाही. नाव तेच, पण पुढे 'पी', 'डीएस' किंवा 'एलएस' लागलं की आतली औषधं किंवा त्यांचं प्रमाण बदलतं. म्हणून बाटली फिरवा आणि 'ईच ५ एमएल कंटेन्स' या शब्दांखालची बारीक अक्षरांतली यादी वाचा.

बहुतेक वेळा तिथे पुढच्यांपैकी दोन-चार नावं असतात. पॅरासिटामॉल तापासाठी. क्लोरफेनिरामिन वाहत्या नाकासाठी. यानेच गुंगी येते. फेनिलेफ्रिन चोंदलेल्या नाकासाठी. डेक्स्ट्रोमेथॉर्फन कोरडा खोकला दाबतं. अँब्रॉक्सॉल किंवा ग्वायफेनेसिन कफ पातळ करतं. लेव्हो-साल्ब्युटामॉल किंवा टर्ब्युटालिन आवळलेल्या श्वासनलिका मोकळ्या करतं. त्याने छाती धडधडते, हात थरथरतात, आणि दमा किंवा घरघर नसेल तर त्याचा उपयोगही नाही. जी तक्रार नाही तिचं औषध पोटात कशाला? कफ सुटत असताना खोकला दाबणारं औषध दिलं तर तो कफ छातीतच राहतो.

सगळ्यात जास्त चूक होते ती पॅरासिटामॉलमध्ये. सर्दीच्या बाटलीत ते आहे हे लक्षात येत नाही आणि ताप आला म्हणून तापाचं औषध वेगळं दिलं जातं. २० किलोच्या मुलाचा एका वेळचा डोस किलोमागे १५ मिलिग्रॅम धरून ३०० मिलिग्रॅम होतो. दोन डोसांत किमान ४ तास हवेत, आणि २४ तासांत ४ पेक्षा जास्त डोस नकोत, म्हणजे दिवसाला १२०० मिलिग्रॅम. आता सर्दीच्या औषधातून २५० आणि तापाच्या औषधातून ३०० गेले, तर एका वेळी ५५० झाले. असं चार वेळा झालं की २२०० मिलिग्रॅम, आणि तो भार यकृतावर पडतो. दोन्ही लेबलांवर पॅरासिटामॉल दिसलं तर एकच बाटली वापरा.

ड्रॉप्स आणि सिरप यांची अदलाबदल तर कधीच करू नका. पॅरासिटामॉलच्या ड्रॉप्समध्ये सहसा १ मिलीत १०० मिलिग्रॅम असतं, तर १२५ च्या (५ मिलीत १२५ मिलिग्रॅम) सिरपमध्ये १ मिलीत फक्त २५. सिरप समजून ५ मिली ड्रॉप्स दिले तर चौपट औषध जातं.

स्वयंपाकघरातला चमचा मोजमापाला चालत नाही. प्रत्येक घरात त्याचा आकार वेगळा. बाटलीसोबतचं मापाचं झाकण सपाट जागी ठेवा, डोळे त्याच्या पातळीला आणा आणि मग रेघ बघा. लहान मात्रेसाठी सुई नसलेली सिरिंज उत्तम. लेबलवर 'सस्पेन्शन' लिहिलं असेल तर दर वेळी बाटली नीट हलवा, नाहीतर वर पातळ आणि तळाला घट्ट औषध राहतं. दिलेली वेळ कागदावर लिहून ठेवा, म्हणजे आईने दिलेला डोस आजी पुन्हा देणार नाही.

वयाबाबत तडजोड नको. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन यांचं मिश्रण ४ वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असं भारताच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये सांगितलं. ऑक्टोबर २०२५ च्या केंद्राच्या सूचनेप्रमाणे २ वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं द्यायचीच नाहीत आणि ५ वर्षांखाली ती सहसा टाळायची. ही सूचना आली त्याच सुमाराला मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेल्या 'कोल्ड्रिफ' सिरपमुळे मुलं दगावत होती. त्यांतल्या अनेकांवर नागपुरात उपचार झाले. हे विष चवीला गोड असतं आणि मूत्रपिंड निकामी करतं. घरी ते ओळखता येत नाही. म्हणून मेडिकलमधून बिल मागा, बॅच नंबर दिसणारी बाटली जपा, आणि औषध सुरू केल्यावर उलट्या होऊन लघवी कमी झाली तर ते बंद करून लगेच दवाखाना गाठा.

लहानग्यांसाठी नाकात सलाईनचे थेंब आणि भरपूर पातळ पदार्थ पुरतात. वर्षावरच्या मुलाला अर्धा ते एक छोटा चमचा मध द्या. वर्षाखाली मध अजिबात नको.

मोठ्यांनीही जपावं. रक्तदाब असेल तर फेनिलेफ्रिन, प्रोस्टेट किंवा काचबिंदू असेल तर क्लोरफेनिरामिन, आणि नैराश्यावरची गोळी चालू असेल तर डेक्स्ट्रोमेथॉर्फन डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. गुंगी येणारं औषध घेऊन दुचाकी चालवू नका, त्यावर दारू नको.

मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. २ महिने ते १ वर्षाच्या बाळाचे ५० किंवा जास्त, १ ते ५ वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त भरले, पोट उडत असेल, बरगड्यांखाली छाती आत ओढली जात असेल किंवा ओठ निळे दिसत असतील, तर सिरपमध्ये वेळ घालवू नका. २ महिन्यांखालच्या बाळाचा खोकला थेट डॉक्टरांनाच दाखवा.

चुकून जास्त औषध गेलं तर उलटी करायला लावू नका. पॅरासिटामॉलच्या अतिडोसाची लक्षणं पहिल्या दिवशी दिसतीलच असं नाही, आणि त्यावरचा उतारा पहिल्या ८ तासांत सर्वांत चांगला लागू पडतो. मूल खेळतंय म्हणून थांबू नका; १०८ ला फोन करा किंवा बाटली सोबत घेऊन रुग्णालयात जा.