भिंतीवरची आकृती कोडला कशी बांधायची

आमच्या महापेच्या ऑफिसात पँट्रीशेजारी एक आकृती लॅमिनेट करून लावली होती. सोसायट्यांच्या पाण्याच्या पंपासाठी आम्ही कंट्रोलर बनवतो, त्याची. चार गोल, वीसेक बाण, कोपऱ्यात तारीख. नवीन मुलगा किंवा मुलगी रुजू झाली की आधी तिथे नेऊन उभं करायचं, ही पद्धत. त्या आकृतीचा आणि कोडचा काडीमोड झालाय हे आम्हाला कळलं ते ठाण्यातल्या एका सोसायटीची मोटर जळाल्यावर.

झालं असं. खालच्या टाकीतलं पाणी संपलं की मोटर बंद होते आणि अर्धा तास पुन्हा लागत नाही. हे आकृतीत होतं. त्या अर्ध्या तासात लाइट गेली तर काय, हे नव्हतं. लाइट परत आली की कंट्रोलर कोरी पाटी घेऊन उठायचा. एका साइटवर आमच्यातल्या कुणाच्या तरी हे लक्षात आलं, त्याने जागेवरच कोडमध्ये चार ओळी घातल्या आणि लोकल पकडली. आकृती तशीच राहिली. वर्षभराने नव्या बोर्डसाठी दुसऱ्याने आकृती समोर ठेवून कोड नव्याने लिहिला आणि त्या चार ओळी गळाल्या. मग पावसाळ्यातली एक संध्याकाळ, लाइट सारखी येते-जाते, खालच्या टाकीत बादली-दोन बादल्या पाणी. दर वेळी मोटर लागते, मिनिटभरात बंद पडते. सुरू होताना मोटर नेहमीच्या पाच ते सातपट करंट ओढते. असं दहादा झालं की वाइंडिंग तापून जाणारच.

तेव्हापासून मी मॉडेलवरूनच कोड काढते. मॉडेल म्हणजे यंत्राने कधी काय करायचं याचं नेमकं वर्णन; ते वाचून एक प्रोग्राम कोड लिहून देतो. पुढे लिहिलंय ते माझ्यासारख्या लहान टीमसाठी, पाच-सहा जणांच्या.

सगळ्यात आधी, सगळ्याचं मॉडेल करू नका. सिरियल पोर्टचा ड्रायव्हर, डिस्प्लेवर अक्षरं उमटवणं, हे हाताने लिहा, सुखी राहाल. मॉडेल कशाचं करायचं? ज्या वागण्यावरून ग्राहक आणि तुम्ही भांडता त्याचं. आमच्याकडे ते म्हणजे मोटर कधी लागावी आणि कधी लागू नये.

दुसरं, मॉडेल आकृतीत न लिहिता तक्त्यात लिहा. आकृती तक्त्यावरून काढता येते (प्लँटयूएमएलला मजकूर दिला की ते चित्र काढून देतं), उलटं करायला गेलात की चित्र आणि मजकूर अशा दोन गोष्टी सांभाळत बसाल. आमचा तक्ता ही साधी मजकुराची फाइल आहे, गिटमध्ये (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) राहते. त्यातल्या दोन ओळी अशा:

प-०८ | भरतोय | खालची संपली | कोरडा | मोटर बंद, अर्धा तास मोज
प-१७ | कोरडा | वीज परतली | कोरडा | अर्धा तास पुन्हा मोज

ओळीचा क्रमांक, आताची स्थिती, घटना, पुढची स्थिती, करायची कामं. नावं मुद्दाम मराठीत ठेवली, कारण हा तक्ता मी आमच्या सोसायटीच्या पंपवाल्या काकांना वाचून दाखवला होता. कोडमध्ये कोणतं रोमन नाव उमटायचं ते वेगळ्या यादीत आहे.

काकांबरोबरचा तो तास या सगळ्या कामातला सर्वांत मोलाचा. आमच्या स्थिती चार: थांबलेला, भरतोय, कोरडा, हाती (म्हणजे माणूस स्वतः बटणाने चालवतोय). घटना सहा: वरची रिकामी, वरची भरली, खालची संपली, अर्धा तास झाला, वीज परतली, हाती बटण. चार साहे चोवीस. चोवीस चौकोन आखून मी प्रत्येक चौकोन त्यांना विचारला. ‘भरतोय’मध्ये ‘वीज परतली’ तर? काका म्हणाले, “लगेच लावायची नाही ताई. लाइट आल्याआल्या परत जाते. पाच मिनिटं बघायचं.” ‘हाती’मध्ये खालची टाकी संपली तर? इलेक्ट्रिशियन म्हणत होता, हाती म्हणजे हाती, माणूस उभा असतो. काका हसले. “माणूस चहाला जातो.” ती ओळ आता ‘कोरडा’कडे जाते. काही चौकोनांत खरंच काही करायचं नसतं. तिथे ‘दुर्लक्ष’ असं लिहा, मोकळं सोडू नका. मोकळा चौकोन म्हणजे कुणी विचारलंच नाही. मोटर जळाली ती अशाच एका मोकळ्या चौकोनात.

हे स्थितींचं तंत्र जुनं आहे. संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड हॅरेल यांनी १९८७ मध्ये स्टेटचार्ट म्हणजे स्थितींच्या आकृत्या मांडल्या, स्थितीच्या पोटात स्थिती ठेवायची सोय त्यातलीच. पुढे यूएमएल या सॉफ्टवेअर-आकृत्यांच्या प्रमाण भाषेने ते घेतलं. चार स्थितींना पोटस्थिती लागत नाहीत. पंधरा झाल्या की लागतील, तेव्हा बघा.

आता खरा सांधा. आमच्या तक्त्यात ‘मोटर बंद’ असं लिहिलंय, ‘तिसरा रिले सोड’ असं नाही. रिले (मोटर चालू-बंद करणारा विजेचा स्विच), पिन, कॉन्टॅक्टरची उघडझाप, हे सगळं दुसऱ्या फाइलमध्ये, प्रत्येक बोर्डची एक. ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुप या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने २००१ मध्ये मॉडेल ड्रिव्हन आर्किटेक्चर आणलं, त्यातही हेच आहे: प्लॅटफॉर्मपासून (म्हणजे ज्या बोर्डवर किंवा यंत्रणेवर कोड चालतो त्यापासून) मोकळं मॉडेल एकीकडे, प्लॅटफॉर्मला बांधलेलं दुसरीकडे. कोणती गोष्ट कुठे ठेवायची यावर मात्र वाद होतात. आमचा झाला फ्लोट स्विचवरून, म्हणजे टाकीत तरंगून पातळी सांगणाऱ्या स्विचवरून. टाकीत वरून पाणी पडतं, लाटा उठतात, फ्लोट वरखाली नाचतो आणि सेकंदात चारदा ‘भरली-रिकामी’ म्हणतो. म्हणून तीन सेकंद स्थिर राहिला तरच मानायचं. हे तीन सेकंद कुठे लिहायचे? मी ते आधी तक्त्यात घातले. मग एका साइटवर अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरींनी पातळी मोजणारा) सेन्सर बसवला, तर तिथे तीन सेकंद निरर्थक. माझी कसोटी तेव्हापासून एकच: बोर्ड किंवा सेन्सर बदलला तर हा आकडा बदलेल का? बदलणार असेल तर बोर्डच्या फाइलमध्ये. अर्धा तास काहीही बसवलं तरी अर्धा तासच, तो तक्त्यात.

दोन्ही फाइली वाचून सी भाषेतला कोड काढणारा जनरेटर मी पायथनमध्ये लिहिला, टेम्प्लेटसाठी, म्हणजे निघणाऱ्या कोडच्या साच्यासाठी, जिंजा ही लायब्ररी. साडेतीनशे ओळींच्या आत बसला. एक्लिप्सचं ईएमएफ (मॉडेलवरून जावा कोड काढणारं साधन) मी आधीच्या नोकरीत वापरलंय, मोठ्या मॉडेलला ते उत्तम. आमच्या चोवीस चौकोनांसाठी ते म्हणजे भाजी आणायला टेम्पो. टेम्प्लेट लिहिताना एक पथ्य पाळा: एकात एक घुसलेल्या इफ-एल्सची जाळी काढू नका. तक्त्याचा तक्ताच काढा, आणि तो चालवणारं वीस ओळींचं इंजिन हाताने लिहा. मग निघालेला कोड आणि मॉडेल शेजारी ठेवले की ओळीला ओळ जुळते.

निघालेल्या फाइलला हात लावायचा नाही. हे सगळे सांगतात आणि शुक्रवारी संध्याकाळी सगळे मोडतात. ईएमएफमध्ये यावर तोड आहे, मेथडवरच्या (कोडमधल्या एका कामाच्या तुकड्यावरच्या) ‘जनरेटेड’ खुणेपुढे ‘नॉट’ लिहिलं की पुढच्या वेळी जनरेटर तिला शिवत नाही. मला ती पटत नाही. वर्षभरात अर्ध्या मेथड ‘नॉट’ होतात आणि आपण होतो तिथेच. सॉफ्टवेअर संशोधक जॉन व्लिसिडीस यांनी ‘जनरेशन गॅप’ म्हणून जी पद्धत सांगितली ती बरी: निघालेला कोड एका जागी, हाताचा दुसऱ्या. ती वारशावर (इनहेरिटन्स, म्हणजे एका क्लासने दुसऱ्याचा कोड घेऊन त्यात भर घालणं) चालते आणि सीमध्ये वारसा नाही, म्हणून आम्ही असं करतो. जनरेटर हेडरमध्ये ‘मोटर बंद’ या फंक्शनची फक्त घोषणा लिहितो आणि तक्ता त्याला हाक मारतो. ते फंक्शन प्रत्यक्ष रिले कसा सोडतं, हे हाताच्या फाइलमध्ये. मॉडेलमध्ये नवं काम आलं आणि हाताने लिहायचं राहिलं, तर लिंकर (कोडचे वेगवेगळे तुकडे जोडणारा प्रोग्राम) तिथल्या तिथे ओरडतो. असा फुकटचा राखणदार दुसरा नाही.

तरीही कुणीतरी हात लावेलच. म्हणून बिल्डमध्ये (कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवण्याच्या आपोआप कामात) एक पायरी घाला: सर्व्हरवर जनरेटर पुन्हा चालवायचा आणि गिट डिफ एक्झिट-कोडच्या पर्यायासह लावायचा. रिपॉझिटरीतली (गिटमध्ये जपलेली) फाइल आणि आत्ता निघालेली फाइल यांत फरक असेल तर तो १ परत देतो आणि बिल्ड पडतं. मात्र जनरेटरने फाइलवर तारीख-वेळ छापू नये, नाहीतर बिल्ड रोजच पडेल. आमचं पहिला आठवडा रोज पडत होतं.

जनरेट करण्याआधी तपासण्याही तिथेच चालतात. एकही चौकोन मोकळा नाही ना. प्रत्येक स्थितीपर्यंत पोचता येतं ना. ज्या स्थितीत मोटर चालू असू शकते, तिथून ‘खालची संपली’ला मोटर बंद होते ना. आणि ‘वीज परतली’ला अर्थ असायचा तर स्थिती ईईप्रॉममध्ये (लाइट गेली तरी न पुसणाऱ्या मेमरीत) लिहून ठेवलेली हवी, म्हणून बोर्डच्या फाइलमध्ये तशी जागा नेमली आहे ना.

तक्त्यावरून चाचण्याही आपोआप काढता येतात, आम्ही काढतो. पण त्यांच्यावर विसंबू नका. मॉडेल चुकलं असेल तर त्याच्यावरून निघालेली चाचणीही त्याच चुकीला मान डोलावते. तिने फक्त जनरेटर तपासला जातो. काकांनी सांगितलेले प्रसंग मी वेगळ्या फाइलमध्ये हाताने लिहिलेत, ‘माणूस चहाला गेला’ या नावाने एक चाचणी खरोखर आहे.

ओळींचे क्रमांक मात्र जपा. ओळ काढली तरी तिचा क्रमांक दुसऱ्या ओळीला देऊ नका. प-१७ हा क्रमांक कोडमधल्या कॉमेंटमध्ये उमटतो, लॉगमध्ये जातो आणि पॅनलच्या डिस्प्लेवर शेवटची ओळ म्हणून दिसत राहतो. पूर्वी साइटवरून फोन आला की “मॅडम, चालत नाही” एवढंच कळायचं आणि कुणीतरी लॅपटॉप घेऊन निघायचं. आता काका विचारतात, “आठवर थांबलंय, थांबू की बटण दाबू?”

मार्चमध्ये त्यांचाच फोन आला. पाण्याचा शटडाउन होता, टँकर मागवला, खालची टाकी भरली, तरी पंप अर्धा तास हटून बसला. तक्त्यात घटना वाढली: टँकर आला. म्हणजे चार नवे चौकोन, त्यातले तीन ‘दुर्लक्ष’. चौथा प-२७: कोरडा, टँकर आला, थांबलेला, मोजणी रद्द. जनरेटर चालवला, लिंकर ओरडला, ‘मोजणी रद्द’ हाताने लिहिलं, सहा ओळी. कोपरखैरण्याहून ठाण्याच्या गाडीत बसेपर्यंत बिल्ड हिरवं झालं होतं. लॅमिनेट केलेली आकृती आम्ही काढली नाही, फक्त तिच्यावर आता दर बिल्डला निघणारा साधा कागद टाचणीने लावतो.