मत पटलं नाही तर कसं बोलावं : ख्रिस्ती विश्वासणाऱ्यांसाठी

मतभेद झाला की आधी तो कशाबद्दल आहे ते ठरवा. समोरच्याने तुमचा अपराध केला असेल तर मत्तय १८:१५-१७ मधला क्रम पाळायचा : आधी एकांतात भेट, ऐकलं नाही तर एक-दोघांना सोबत घेऊन, त्यानंतरच मंडळीपुढे. पण उपासनेत पेटी-तबला हवा की ड्रम, उपवासकाळात मटण चालेल का, हे अपराध नव्हेत. अशा बाबतीत रोम १४ वाचा. खाण्यावरून आणि दिवस पाळण्यावरून एकमेकांना दोषी ठरवू नका, असं पौल तिथे सांगतो. मंडळीतली बरीच भांडणं मताला पाप ठरवल्यामुळेच पेटतात.

बोलणं व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर नको, उपासना संपताच दारातही नको. चार माणसं बघत असली की कुणालाच माघार घेता येत नाही. फोन करून वेळ मागा : "पाळकसाहेब, अर्धा तास निवांत बोलायचं होतं."

भेटल्यावर आधी ऐका (याकोब १:१९). मग त्यांचं म्हणणं तुमच्या शब्दांत सांगून विचारा, "मला बरोबर कळलं का?" ते मनापासून "हो" म्हणेपर्यंत आपला मुद्दा काढू नका. "म्हणजे तुम्हाला वचनच नको" असा सारांश काढलात तर बोलणं तिथेच संपलं.

आपली बाजू मांडताना एकच वचन घ्या, तेही मागच्या-पुढच्या ओळींसह. आणि "प्रभूने मला दाखवलंय" हे वाक्य टाळाच. त्यानंतर तुम्हाला विरोध करणं म्हणजे देवालाच विरोध करणं होतं, मग समोरचा गप्प बसतो, पण पटलेलं काहीच नसतं. "या वचनाचा अर्थ मला असा वाटतो" म्हटलं की त्याला उत्तर द्यायला जागा राहते.

सोसायटीतल्या गणपतीची वर्गणी आणि प्रसाद यांबद्दल ख्रिस्ती घरांतही एकमत नसतं. तुमच्या घरचं आधीच ठरवून ठेवा, दारात आलेल्यांसमोर नवरा-बायकोने वाद घालू नये. प्रसाद घेणार नसाल तर मूर्तिपूजेवर प्रवचन नको, एवढंच पुरे : "काकू, आमच्या श्रद्धेप्रमाणे प्रसाद घेत नाही, रागावू नका. चहा मात्र घेऊन जाईन." चहा खरंच घ्या. पुण्याच्या गुरुवार पेठेतल्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये १८९० साली चहा घेतला म्हणून न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळकांवर प्रायश्चित्ताचा प्रसंग आला होता. कुणाच्या हातचं घ्यावं नि कुणाच्या नाही, हे या शहरात फार जुनं दुखणं आहे, म्हणून नकाराचं कारण स्पष्ट हवं.

एवढं करूनही पटलं नाही तर थांबा. पौल आणि बर्णबा मार्काला सोबत न्यायचं की नाही यावरून वेगळे झाले (प्रेषितांची कृत्ये १५:३९), पण पुढे पौलानेच मार्काला बोलावून घेतलं (२ तीमथ्य ४:११). घरी आल्यावर बाकीच्यांना फोन करून कोण काय बोललं ते सांगत बसू नका, आणि नाताळच्या करंज्यांचा डबा त्या घरी दरवर्षीसारखाच पाठवा.